फक्त प्रयोगशाळेसाठी

पडद्यावर पाय आले तेव्हा सौम्याच्या हातात चहाचा कप होता.

बेळगावातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारची बैठक चालली होती. बेंगळुरूहून आणि पुण्याहून गुंतवणूक करणारी मंडळी आली होती आणि त्यांच्यासमोर डॉ. आशुतोष बोलत होते. सौम्या त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायची. सरांनी संशोधन संस्थेच्या आवारातच एक छोटी कंपनी काढली होती. आज त्या कंपनीसाठी माणसं पटवायची होती, म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना चांगले कपडे घालून मागच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलं होतं.

"हा आमचा पहिला पेशंट," सर म्हणाले. "पुरुष, वय सत्तावीस, उत्तर कर्नाटक. जन्मापासून कातडीचा आजार. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे आमचं क्रीम लावल्यानंतरचा."

डावीकडे गुडघ्याखालचे दोन पाय होते. आटलेल्या तळ्यातला चिखल उन्हानं तडकावा तशी कातडी, करडी आणि खवल्याखवल्यांची. उजवीकडे तेच पाय, बरेच साफ झालेले. चेहरा नव्हता. पुढच्या रांगेतल्या एकानं सामोसा मोडता मोडता "बाप रे" म्हटलं. त्याच्या शेजारच्या बाईनं तोंड फिरवलं.

सौम्या बघतच राहिली. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं. त्या बोटावरून उसाच्या गाडीचं चाक गेलं होतं आणि किंचाळणाऱ्या पोराला पाठुंगळी घेऊन कारखान्याच्या दवाखान्यापर्यंत तीच पळाली होती. ते पाय स्वरूपचे होते. तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचे.

मग पडद्यावर क्रीममध्ये काय काय आहे त्याची यादी आली. त्यात फिलॅग्रिन होतं. तिनं बनवलेलं फिलॅग्रिन.

फिलॅग्रिन हे माणसाच्या कातडीतलं एक प्रोटीन. सगळ्यात वरच्या थरातले तंतू ते आवळून धरतं, आणि पुढं स्वतः मोडून कातडीतला ओलावा टिकवतं. ज्यांच्या अंगात ते तयारच होत नाही त्यांची कातडी कोरडी पडते, खवले धरते, थंडीत फाटते. सौम्याच्या आईवडिलांकडे ते निम्मं होतं. सौम्याकडेही निम्मंच, त्यामुळे तिच्या पोटऱ्या जरा कोरड्या आणि तळहातावर रेघा जास्त, एवढ्यावर भागलं होतं. स्वरूपच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून नसलेलंच आलं. शाळेत पोरं त्याला घोरपड म्हणायची. तालमीत गेला तर कुणी त्याच्याशी लढत धरेना. बसचा कंडक्टर सुटे पैसे त्याच्या हातावर वरून टाकायचा. तेव्हापासून तो मे महिन्यातसुद्धा पायभर पँट घालायचा, घरातसुद्धा.

सौम्या या विषयाकडे वळली ती त्याच्यामुळंच. माणसाच्या जनुकाचा एक तुकडा जिवाणूंमध्ये घालायचा, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि त्यातून फिलॅग्रिन वेगळं काढायचं, हे तिनं वर्षानुवर्षं खपून जमवलं होतं. शेवटी हाती यायची ती चिमूटभर पांढरी पूड. ठिकठिकाणचे संशोधक ती मागवत. कुणाला त्यावर चाचण्या बसवायच्या असत, कुणाला बशीत वाढवलेल्या कातडीवर काही तपासायचं असे. प्रत्येक कुपीवर सौम्या स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवायची: फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

ती कप खाली ठेवून हॉलबाहेर आली आणि तिनं स्वरूपला फोन लावला.

"आक्का, कामात हाय गं. मागनं करतो."

"तू सरांकडनं काय घेतलायंस?"

मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

सौम्या तशीच रिक्षा करून बसस्टँडवर गेली आणि संकेश्वरच्या गाडीत बसली. हायवेवर ट्रॅक्टर उसानं लादून चालले होते. त्यांच्यामागं गाडी रांगत होती आणि तिला वाटत होतं, उतरावं आणि पळत जावं. सरांनी हे केलं. तिला न विचारता, तिच्या नाकासमोर, तिच्याच भावावर. आणि वर त्याचे पाय लोकांना दाखवले, सामोसे खाताना.

गाव संकेश्वरपासून जवळच. स्वरूपचं हायवेला लागून दुचाकींचं गॅरेज होतं, त्याला कुलूप. घरी आई, जयाबाई, दारातच उभी होती.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "जेवंना झालाय त्यो. ताप बी हाय. डॉक्टरकडं चल म्हंटलं तर आंगावर येतोय."

आतल्या खोलीत स्वरूप कमरेपर्यंत चादर ओढून पडला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"पाय दाव," सौम्या म्हणाली.

"काय झालं न्हाय."

"स्वरूप, पाय दाव म्हंटलं."

त्यानं रागानं चादर झटकली. सौम्यानं तोंडावर हात घेतला. फोटोतले साफ पाय आता नव्हते. नडग्या लाल, सुजून तकतकीत झालेल्या, भेगांमधून पिवळं पाणी पाझरत होतं. खोलीत वास होता.

"कवाधरनं असं हाय?"

"आठवडा झाला आसंल."

"आणि सरांना सांगितलंस?"

"सांगिटलं की. फोटो बी धाडला. आतली खराबी भायेर पडायलीया म्हणाले. लावत ऱ्हा, थांबू नको म्हणाले."

"आणि तू लावत ऱ्हायलास!" सौम्या ओरडली. "आरं, शेळीच्या पायाला बी कुणी असं करत न्हाय! मला एक फोन करायला काय झालतं?"

स्वरूप कोपरावर उठून बसला. ताप असूनही त्याचा आवाज चढला.

"तुला फोन करून काय मिळालं आसतं? मागं एका गणपतीत तू हितंच बसलतीस न्हवं? आप्पांना म्हणालीस, स्वरूपच्या कातड्यात जे न्हाय ते मी बनिवलं. साऱ्यांनी पेढं खाल्लं. आनि मग? इतकी वरसं फ्रीजमदी ठिवलंस. जगाला धाडलंस. मला एक थेंब दिलास काय?"

"ते औषध न्हवं रं."

"तू म्हणालीस की औषध न्हवं, सरांनी दिलं की औषध. मी कुणाचं खरं धरायचं? त्यांनी निदान माझ्या पायाला हात लावला. हात लावून बघितलं, आक्का. तसं आजवर कुणी केलं न्हाय."

दोन महिन्यांपूर्वी तो तिचा गूळ-शेंगांचा डबा पोचवायला प्रयोगशाळेत आला होता, तेव्हा तिनंच सरांशी त्याची ओळख करून दिली होती. सरांनी त्याचा नंबर घेतला. नंतर फोन करून त्याला बोलावलं, डबी दिली, आणि बहिणीला इतक्यात सांगू नकोस, बरं झाल्यावर तिला चकित करू, असं सांगितलं. हे सगळं स्वरूपनं तुटक तुटक शब्दांत सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

भाड्याची गाडी करून तिनं त्याला त्याच संध्याकाळी बेळगावला आणलं. डॉ. विनोदिनी या कातडीच्या जुन्या, अनुभवी डॉक्टर. त्यांनी पाय बघितले, दाखल करून घेतलं आणि सौम्याला बाहेर बोलावलं.

"काय लावलंय त्यानं? खरं सांगा."

सौम्यानं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"म्हणजे जिवाणूंतून काढलेलं प्रोटीन. जिवाणूंचे विषारी अंश त्यातून पुरते काढलेत का?"

"नाहीत. काढायची गरजच नव्हती. ते माणसासाठी नव्हतंच."

"आणि ते फाटलेल्या कातडीवर रोज चोळलं. आत शिरायला वाट मोकळीच. आधी कातडी खवळली, मग त्यात जंतूंनी घर केलं." त्यांचा आवाज कडक झाला. "आणखी चार दिवस थांबला असता तर रक्तात गेलं असतं. कुठल्या डॉक्टरनं दिलं हे?"

"ते तसे डॉक्टर नाहीत. पीएचडी आहेत."

डॉ. विनोदिनींनी तिच्याकडे असं बघितलं की सौम्याला जमीन दुभंगावी असं झालं.

"मग सुरुवातीला पाय साफ कसे झाले?" सौम्यानं विचारलं, पण उत्तर तिला विचारता विचारताच कळलं होतं. डबी तिनं उघडून बघितली होती, आणि पडद्यावरची यादीही तिला आठवत होती. क्रीमचा पाया म्हणजे युरिया आणि पेट्रोलियम जेली. खवले मऊ करणारं, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं मलम. गेली कित्येक वर्षं ती स्वरूपला तेच लावायला सांगत होती आणि चिकट होतं, गॅरेजमधली धूळ बसते म्हणून तो लावत नव्हता. सरांनी दिल्यावर त्यानं ते सकाळ-संध्याकाळ लावलं. पाय साफ केले ते मलमानं. फिलॅग्रिननं नुसती आग लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या केबिनमध्ये गेली, दार न वाजवता.

"ये, बस," डॉ. आशुतोष म्हणाले. "काल अर्ध्यातूनच गेलीस. सगळे विचारत होते तुला."

"माझा भाऊ दवाखान्यात आहे."

सरांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "हे बघ, मी तुला सांगणारच होतो. त्याला थोडा त्रास होतोय ते माझ्या कानावर आहे. पण सौम्या, हे प्रोटीन माणसाचंच आहे. तुझ्या माझ्या कातडीत आहे. त्यानं काय होणार?"

"तुमच्या कातडीत आहे, सर. त्याच्या नाही. त्याच्या शरीरानं ते कधी बघितलेलंच नाही. आणि आपण जिवाणूंचे अंश काढत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"अगदी थोडं होतं गं त्यात."

"किती थोडं होतं ते त्याच्या पायाकडे बघून सांगा."

"आवाज खाली." सरांनी दार लावून घेतलं. "मी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. त्याची संमती आहे, माझ्याकडे त्याचा आवाज रेकॉर्ड केलेला आहे. तो मला गयावया करत होता, सर काहीतरी करा म्हणून. प्राण्यांवर चाचण्या, मग परवानग्या, मग माणसांवर चाचण्या, या वाटेनं गेलो असतो तर त्याचे केस पांढरे झाले असते. तुझ्यासारख्या माणसांनी नियमांचं कौतुक करत बसावं. मी त्याला आशा दिली."

"तुम्ही त्याला आशा नाही दिली. तुम्हाला एक फोटो पाहिजे होता, तो घेतलात."

"कंपनी उभी राहिली तर पेटंटवर तुझंही नाव असेल. एवढं डोक्यात ठेव."

टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिरकावावा असं सौम्याला खरोखर वाटलं, आणि आपल्याला असं वाटू शकतं याचीच तिला भीती वाटली. ती बाहेर पडून सरळ शीतपेटीपाशी गेली. पेटी उघडली. गार वाफेतून कुप्यांच्या रांगा दिसल्या, प्रत्येकीवर तिच्या हातची चिठ्ठी. सगळ्या काढून फरशीवर आपटाव्यात. ती कितीतरी वेळ पेटीचं दार धरून उभी राहिली. पण त्या पुडीचा काय दोष होता? ती जशी होती तशी होती, आणि काय आहे ते तिच्यावर लिहिलेलं होतं. लिहिलेलं वाचूनही ज्यानं हात घातला तो माणूस केबिनमध्ये बसला होता. तिनं पेटी बंद केली आणि संस्थेच्या संचालकांकडे तक्रार दिली.

संध्याकाळी दवाखान्यात तिचे वडील, भरमा आप्पा, आले. कारखान्याच्या वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस, कुणाशी आवाज चढवून न बोलणारा. त्यांनी सौम्याला व्हरांड्यात नेलं.

"सरांचा फोन आलता," ते म्हणाले. "लई चांगलं बोलले. दवाखान्याचं समदं बघतो म्हणाले. स्वरूपला संस्थेत कामाला लावतो म्हणाले. सावलीतलं काम. तक्रार तेवढी मागं घे म्हणाले."

"आणि तुम्ही व्हय म्हणालासा?"

"काय म्हणू मग? मोठी माणसं हायेत. उद्या तुझी नोकरी गेली तर?"

"आप्पा, त्यांनी तुमच्या पोराचं पाय सडवलं!"

"मला दिसत न्हाय व्हय गं?" आप्पांचा आवाज अचानक फाटला. जाणारी येणारी माणसं थांबून बघायला लागली. "मला दिसतंय! पर त्याचं लगीन व्हायचं हाय. गावभर बोभाटा झाला, पेपरात आलं, तर पोरगी कोन देईल? आतापतूर निदान पँटीच्या आत झाकलेलं हुतं."

सौम्या पुढं बोलली असती तर वाईट बोलली असती. ती आत गेली. स्वरूप जागा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. त्याच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

"एक सांगते," ती म्हणाली. "तुझं पाय साफ झालते ते साध्या मलमानं. मी सांगत हुते त्याच मलमानं."

हे आता सांगायला नको होतं. पण आप्पांवरचा राग कुठंतरी निघणारच होता.

"जा," स्वरूप म्हणाला. "जा हितनं, आक्का. तू बी त्यांच्यातलीच."

त्यानंतर तो दवाखान्यात होता तोवर दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलली.

संस्थेच्या समितीची बैठक मार्चमध्ये झाली. लांबट टेबलाभोवती पाच-सहा माणसं, मधोमध अध्यक्ष म्हणून एक वयस्कर वकील. एका बाजूला डॉ. आशुतोष, दुसऱ्या बाजूला सौम्या. स्वरूपलाही बोलावलं होतं. तो गावाहून वडिलांबरोबर आला होता आणि दाराजवळच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. तो काय बोलणार हे सौम्याला माहीत नव्हतं. विचारायची तिची हिंमत झाली नव्हती. सरांनी देऊ केलेलं सावलीतलं काम अजूनही मोकळं होतं.

सरांनी आधी रेकॉर्डिंग लावलं. स्वरूपचाच आवाज आला. "व्हय सर, माझी तयारी हाय. तुमी म्हणशीला तसं करतो." मग सौम्यानं आपलं म्हणणं मांडलं: हे प्रोटीन कसं तयार होतं, त्यात काय राहतं, कुपीवर काय लिहिलेलं असतं. ती बोलत असताना एक सदस्य फोन बघत होते.

"पण सुरुवातीला गुण आला होता, असं दिसतं," अध्यक्ष म्हणाले. "तो फोटो बघू या जरा."

भिंतीवर पाय आले. आधीचे आणि नंतरचे.

स्वरूपनं मान वर केली. बराच वेळ तो भिंतीकडे बघत राहिला, जणू ते पाय आपले आहेत की कुणा दुसऱ्याचे हे ठरवत होता. मग त्यानं विचारलं, "ह्यो फोटो हितं कसा?"

"ही बैठक गोपनीय आहे," डॉ. आशुतोष म्हणाले. "चेहरा कुठंही नाही, तू काळजी करू नकोस."

"मी तुमाला धाडलता. तुमाला एकट्याला. औषध लागू पडतंय का बघाय. आनि कुठं दावलाय?"

स्वरूपनं बहिणीकडे बघितलं. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"आक्का?"

"हॉटेलात," सौम्या म्हणाली. "कंपनीसाठी माणसं बोलावलती, त्यांना. हॉल भरलेला हुता. लोक सामोसं खात हुते."

स्वरूप उभा राहिला. आप्पांनी त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवून घेतली.

"सर," तो म्हणाला, "माझ्या आईनं माझं पाय शेवटचं बघितलं तवा मी शाळंत हुतो. तवापासनं न्हाणीचं दार आतनं लावतो मी. दोस्त पवायला जात्यात, मी काठावर कापडं राखतो. आनि तुमी ह्ये भिताडावर लावलासा. मी तुमाला डॉक्टर समजलो. तुमी डॉक्टर बी न्हवं!"

"हे बघ स्वरूप, तू भावनेच्या भरात..."

"थांबा. माझं झालं न्हाय." तो आता ओरडत होता, आणि सौम्यानं त्याला परक्या माणसांसमोर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "माझी तयारी हाय म्हणालतो मी. व्हय, म्हणालतो. तुमी सांगिटलासा की माणसाचंच हाय, काय हुत न्हाय. कुपीवर काय लिवलंय ते सांगिटलासा काय? पाय पेटलं तवा थांबू नको म्हणालासा. त्ये रेकॉर्ड का लावला न्हाय? आनि फोटो अर्धाच लावलायसा. म्होरचा फोटो कुठं हाय? न्हाय? मग हितं बघा."

तो खाली वाकला आणि त्यानं दोन्ही पायांवरची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली.

जखमा भरल्या होत्या, पण नडग्यांवर काळपट-तांबडे व्रण राहिले होते, आणि त्यांच्याभोवती पुन्हा खवले धरले होते. फोन बघणाऱ्या सदस्यांनी फोन उलटा ठेवला. अध्यक्षांनी नजर समोरच्या कागदांकडे वळवली.

"वर बघा की," स्वरूप म्हणाला. "फोटो बघिटलासा न्हवं? मग ह्ये बी बघा."

डॉ. आशुतोष खिडकीबाहेर बघत होते. स्वरूप तसाच उभा राहिला, पँट दोन्ही मुठींत धरून, सगळ्यांनी बघेपर्यंत. मग त्यानं ती खाली सोडली आणि निघून गेला. त्याच्या मागून आप्पाही उठले. दारातून वळून त्यांनी अध्यक्षांना एवढंच सांगितलं, "ते काम नगो आमाला."

काही दिवसांनी समितीचा निर्णय आला. डॉ. आशुतोष यांच्याकडून क्रीमचा प्रकल्प काढून घेतला होता आणि कंपनीला संस्थेच्या आवारातून जायला सांगितलं होतं. पण त्यांचं पद राहिलं, खोली राहिली, आणि जे घडलं त्याला 'कार्यपद्धतीतील त्रुटी' असं नाव दिलं होतं. संचालकांनी सौम्याला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की आता विषय संपला, तिनं पुन्हा कामाला लागावं, असं प्रोटीन बनवणारी माणसं मिळत नाहीत.

"त्रुटी?" सौम्या म्हणाली. "दोन महिने त्याला फसवलं, सडेपर्यंत लावायला लावलं, ती त्रुटी?"

"शब्दांत अडकू नका."

"मी शब्दांतच अडकणार, सर. कुपीवरचे शब्द मानले नाहीत म्हणून तर हे झालं."

तिनं राजीनामा दिला नाही. राजीनामा दिला असता तर त्यांना बरंच झालं असतं. ती रोज कामावर जायची, व्हरांड्यात डॉ. आशुतोष दिसले की समोरून सरळ चालत जायची आणि तेच बाजूला व्हायचे. लोक तिच्याशी कमी बोलायला लागले. ती जेवणाच्या सुट्टीत एकटी बसायची आणि डबा खाताना तिचे जबडे दुखायचे, इतके ते दिवसभर आवळलेले असायचे.

एप्रिलच्या एका सकाळी स्वरूप बेळगावला आला, तिच्या खोलीवर. न कळवता. पायात पँटच होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत ती डबी.

"सरकारचं औषधांचं ऑफिस हितं कुठं हाय?" त्यानं विचारलं. "तिथं तक्रार चालती म्हणं. संकेश्वरातल्या एका वकिलानं सांगिटलं."

"मी करणारच हुते. अर्ज लिहिलाय. कन्नडमध्ये करून घ्यायचा ऱ्हायलाय."

"मी लिवलाय कन्नडमदी. गिऱ्हाईकांची बिलं मीच लिवतो की." तो पिशवी सांभाळत पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मलम लावायलोय. साधं. चिकट हुतंय, लई शिव्या देत लावतो. पर लावतो."

"चांगलं केलंस."

"चांगलं बिंगलं म्हणू नको. तुझ्यावर राग हाय माझा आजून."

"आसू दे."

"तुझं ते फिलॅग्रिन. कवा तरी खरंच औषध हुईल काय त्याचं?"

सौम्यानं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "ठावं न्हाय रं. हुईल की न्हाय सांगता येत न्हाय. झालं तर लई वर्षांनी. आणि ते वरनं चोळायचं नसंल बहुतेक, कातड्यानं आतनंच बनवावं असं कायतरी काढावं लागंल."

स्वरूपनं मान हलवली. त्याला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, पण त्यानं ते ऐकून घेतलं.

दोघं स्कूटरवरून गेली. ऑफिसच्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या आणि पहिल्या मजल्यावर पंख्याखाली एक कारकून वर्तमानपत्र वाचत बसला होता. सौम्या पुढं व्हायला लागली तसं स्वरूपनं तिला हातानं अडवलं.

"तू हितं थांब."

"आरं, त्यांना प्रोटीन म्हंजे काय ते सांगायला लागंल. तांत्रिक हाय सगळं."

"ते इचारतील तवा तुला हाक मारतो. आधी माझं सांगतो. पाय माझं हायेत."

तो आत गेला. सौम्या जिन्यापाशी उभी राहिली. दार उघडंच होतं. कारकुनानं वर्तमानपत्र न हलवता काय पाहिजे म्हणून विचारलं, नंतर या म्हणाला. स्वरूपनं त्याच्या टेबलावर डबी ठेवली, खुर्ची ओढली, आणि न विचारता बसला. मग तो स्वच्छ कन्नडमध्ये, पहिल्यापासून, चढ्या आवाजात सांगायला लागला. कारकुनानं एकदा हात वर करून हळू बोला म्हटलं. स्वरूप हळू बोलला नाही. थोड्या वेळानं कारकुनानं वर्तमानपत्राची घडी घातली, बाजूला सरकवलं आणि आतल्या साहेबांना हाक मारली.